वाकणातला बारकू

एका वीजकेंद्राचा बॉयलर नुकताच पेटू लागला होता, त्या जुन्या काळची ही गोष्ट. तिथल्या वाफेच्या नळीच्या पोलादात असंख्य बारीक कण राहत. नळी तापली की पोलादाचे थर एकमेकांवरून सरकू पाहत आणि हे कण जागोजागी पाय रोवून त्यांना अडवत. त्यांतला बारकू नळीच्या वाकणात होता. तिथे उष्णता इतर ठिकाणांइतकीच, पण वाफेच्या दाबाचा ताण सगळ्यांत जास्त.

अशा ताणात लहान कण विरघळून मोठ्यांत मिसळू लागत. शेजारचा ढब्बू असे कितीतरी कण पोटात घेऊन फुगला होता.

"बारकू, माझ्यात ये," तो म्हणाला. "सरळ भागातले तुझे भाऊ निवांत आहेत. तूच का सोसतोस?"

"त्यांच्यावर एवढा ताण नाही, दादा. मी आलो तर माझी जागा कोण राखेल? नळी फुटली, तर खाली काम करणारी माणसं भाजतील."

ढब्बूने आजूबाजूला पाहिलं. गिळलेल्या कणांच्या रिकाम्या जागांतून थर खरंच घसरत होते. वाकण हळूहळू ताणलं जात होतं.

बारकू झिजला, पण हलला नाही. त्याच्याकडे पाहून उरलेले चिमुकले कणही तग धरून राहिले.

काही वर्षांनी तपासणीला आलेल्या मृणालिनीबाईंनी वाकण मोजलं. "फुगलंय, बदलायला हवं," त्या फिटरला म्हणाल्या. "पण इतकं सोसूनही फुटलं नाही, कमाल आहे."

जुनी नळी उतरवून बाजूला ठेवली. ढब्बू हळूच म्हणाला, "बारकू, मला वाटायचं, मोठा म्हणून मीच नळीला धरून आहे."