दोन गाढवांची मोटार

चिंचणखेडच्या भैरवराव महाराजांना संस्थानची जुनी मालमोटार विकायची होती, आणि ती सगुणा कुंभारणीलाच विकायची असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. कारण सरळ होतं. सगुणा वाड्यावर मडकी पोचवायची ती गाढवांवरून, आणि तिची ती दोन गाढवं, गुलाब आणि शेवंती, नेमकी महाराजांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी सूर लावायची. तेव्हा गाढवं कुठंतरी लांब धाडून देण्यासाठी महाराजांना द्यायची आणि बदल्यात मोटार न्यायची, असा सौदा ठरला. ठरवला अर्थातच महाराजांनी एकट्यानं.

"उद्या दुपारपर्यंत सांग, घेतेस की नाही," महाराज म्हणाले. "मात्र मोटारीला हात लावायचा नाही. राजाची वस्तू चाचपून बघणं म्हणजे राजावर संशय घेणं. आणि नाही म्हणालीस, तर तिच्यातला दोष आमच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. नाही दिसला, तर वाड्यावरची तुझी मडकी बंद."

सगुणेनं मनातल्या मनात हिशेब मांडला. बापाचे हात आताशा थरथरत, चाक तीच फिरवायची, आणि घरातली चूल पेटायची ती वाड्याच्या मडक्यांवर. गाढवं गेली तरी धंदा बुडाला, मडकी बंद झाली तरी बुडाला!

महाराजांना मोटारीतला दोष दाखवणं तर त्याहून अवघड. आधी एका तेल्यानं ती घ्यायचं मनात आणलं होतं. ती जागची हलत नाही, असं तो चुकून बोलून गेला. महाराजांनी त्याला सांगितलं, की ती विश्रांती घेते आहे. मग राजवैद्यांना बोलावून पुढच्या चाकाची नाडी बघायला लावली. वैद्यांनी डोळे मिटून नाडी बघितली, थोडी कफप्रवृत्ती असल्याचं सांगितलं आणि मधातून पिंपळी लिहून दिली. तेल्याला मात्र आठवडाभर मोटारीसमोर उभं राहून तिची क्षमा मागावी लागली.

सगुणा हात पाठीमागे बांधून मोटारीभोवती दोनदा फिरली. इंजिनाच्या झाकणाखालून एक कोंबडी बाहेर आली, तिच्याकडे बघून परत आत गेली. ड्रायव्हर बंडोजी शेजारीच उभा होता. त्याला बोलायची मनाई होती, म्हणून तो नुसते सुस्कारे टाकत होता. एवढ्यावर सगुणेला सगळं कळलं. पण आपल्याला कळून काय उपयोग, कळायला हवं होतं महाराजांना.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी मडकी घेऊन वाड्यावर गेली. कोठीवाल्या कारकुनानं एकेक मडकं बोटानं वाजवून बघितलं आणि वाटेत तडकलेला एक माठ बाजूला सारला. ओट्यावर धड पोचलं ते वाड्याचं, वाटेत फुटलं ते कुंभाराचं. हा नियम खुद्द महाराजांचा, आणि तो त्यांनी स्वतःसाठीही कधी मोडला नव्हता. सगुणा त्या माठाकडे बघत राहिली आणि मग चक्क हसली. कारकुनाला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

दरबारात जाऊन तिनं मुजरा केला. "घेते, सरकार. पर वाड्याच्या नेमानं. माल माज्या अंगनात धड पोचला तर माजा."

महाराज खूश झाले. मोटार पोचवायला ते स्वतः निघाले, डोक्याला फेटा बांधून बंडोजीच्या शेजारी बसले. वाडा उंचावर, त्यामुळे लोकांनी जरा रेटल्यावर मोटार उतारानं आपोआप निघाली. महाराज दोन्ही बाजूंना हात हलवत होते. ओढ्यापाशी उतार संपला आणि मोटारही संपली. बंडोजीनं हँडल मारमार मारलं. त्यानं एवढंच झालं, की कोंबडी कंटाळून बाहेर पडली.

"दमली असेल," महाराज म्हणाले.

दिवाणजींनी रेटलं, वैद्यांनी रेटलं, पंधरा शिपायांनी रेटलं. दिवाणजींची पगडी ओढ्यात गेली, मोटार तिथंच राहिली. पलीकडे कुंभारवाड्याचा चढ तसाच होता. इतक्यात महाराजांचं लक्ष सगुणेच्या मागून चाललेल्या रिकाम्या गाढवांकडे गेलं आणि त्यांचे डोळे चमकले. नियमात माल कसा पोचवायचा हे कुठं लिहिलं होतं? त्यांनी गाढवं जुंपायला सांगितलं. सगुणेनं ती जुंपली, तीही अगदी आनंदानं.

गुलाब आणि शेवंती यांनी चढावरून मोटार ओढली. आत महाराज ताठ बसलेले, मागे चिखलानं माखलेला दरबार, अशी ती मिरवणूक कुंभारवाड्यात शिरली आणि सगुणेच्या अंगणात थांबली.

"पोचली," महाराज म्हणाले. "धड पोचली. आण आमची गाढवं."

"पोचली की, सरकार. मी कुटं न्हाई म्हनते?" सगुणा हात जोडून म्हणाली. "आता एवडंच सांगा. गाढवं सोडून तुमाला दिली, तर ही मोटार उद्या मडकी घिऊन वाड्यावर यायची कशी? आन गाढवं हितंच जुंपून ठिवली, तर तुमाला द्यायचं काय?"

महाराजांनी एकदा गाढवांकडे बघितलं, एकदा मोटारीकडे. मग म्हणाले, "बरं, मोटार परत नेतो."

"न्या की. पर न्यायला बी गाढवं लागतील."

महाराज चिडले. "पण दोष? दोष दाखवायचं ठरलं होतं. तो कुठं दाखवलास?"

"वाटभर तुमी म्होरल्या काचेतनं बगतच आलात की, सरकार. चार कान हैत त्याला."

महाराजांनी काचेतून समोर बघितलं. दोषानं कान हलवले, आणि गुलाबनं झोपेच्या वेळचा तो सूर लावला.

आधी महाराजांचा फेटा हलला, मग पोट हललं, आणि मग ते असे हसत सुटले की त्या धक्क्यानं मोटारीचं दार निखळून पडलं. ते बघून ते आणखी हसले. उतरता उतरता त्यांनी हुकूम सोडला: मडकी कायम सगुणेचीच, आणि यापुढे वाटेत फुटलेलं मडकं वाड्याचं. गाढवांना वाड्याच्या पागेतून रोज घोड्यांसारखी दाण्याची चंदी मिळायची, मात्र ती दुपारी, महाराजांच्या झोपेच्या वेळी, म्हणजे तोंडं भरलेली राहतील. मोटार तिथंच अंगणात बक्षीस म्हणून राहिली. पावसाळ्यात गुलाब आणि शेवंती तिच्यात बसतात.