टोपलीतलं मडकं

"बुवा, एखाद्याला मठातून घालवायचं असलं तर आधी जेवू घालता, की तसंच घालवता?"

राघोबुवा ओट्यावर बसून जुन्या धोतराच्या वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय फोडलंस, चिंतू?"

"फुटलं नाही... तेच तर दुखणं आहे."

चिंतामणची सकाळपासून पाचावर धारण बसली होती. मठात येऊन त्याला फार काळ झाला नव्हता, पण आपल्या बोटांत कला आहे हे त्याने आल्या आल्याच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आणि खोटं कशाला बोला, होतीच. करवंटीचा डाव म्हणू नका, चिंध्यांची बाहुली म्हणू नका, हातात घेईल त्याचं सोनं करायचा. फक्त कुणाचं ऐकायचा नाही, एवढंच.

मठात रद्दी साठली की स्वयंपाक बघणारी तानूबाई ती भिजवायची, कुटायची आणि मेथीच्या पिठात मळायची. तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापायचा, उन्हात वाळला की अलगद उचलून घ्यायचा. झाली टोपली. चिंतामणला शिकवताना तिने बजावलं होतं, की आधी भांड्यावर ओलं फडकं घाल, आणि भांड्याचं पोट आलं की थांब. गळ्याकडे उतरू नकोस.

"पोटाशी थांबलेल्या टोपल्या घरोघरी आहेत, तानूबाई," हे त्यावर चिंतामणचं उत्तर.

त्याने पातेलं घेतलंच नाही. घेतलं ते पाण्याचं मडकं. बुवांच्या गुरूंचं मडकं. मठात येईल त्याला आधी त्यातलं पाणी मिळायचं. जुनं होतं, पण अजून असं पाझरायचं की त्याखालची फरशी कधी कोरडी दिसली नाही. त्याचा आकार चिंतामणच्या मनात भरला. मडकं वाळवून त्याने पालथं घातलं, आणि लगदा पोटावरून वळून थेट गळ्याशी गेला. फडक्याच्या सुरकुत्या उठतील म्हणून फडकंही नाही.

टोपली झाली मात्र देखणी. फक्त मडक्यावरून निघेना.

त्याने ती बुवांसमोर आणून ठेवली. बुवांनी तिच्यावरून हात फिरवला.

"सुरेख झालीय."

चिंतामणला रडूच फुटायचं बाकी होतं.

"बाहेरून ओढून पाहिलंस?"

"नखं तुटेपर्यंत."

"मग?"

"मग विळी घेतली. म्हटलं टोपली कापावी... हात होईना. मग दगड उचलला."

"मडक्यावर?"

चिंतामणने मान खाली घातली. "उचलला... आणि ठेवला. बुवा, खरं सांगू? दगडापेक्षा विळी उचलताना जास्त वाईट वाटलं."

बुवांनी हातातली वात खाली ठेवली. तानूबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"आत काय आहे?" बुवांनी विचारलं.

"आत? काही नाही. रिकामंच आहे."

बुवा उठले. टोपलीसकट मडकं त्यांनी सुलटं केलं, नेहमीच्या जागी ठेवलं, आणि कळशीभर पाणी त्यात ओतलं. वर झाकण घातलं. मग पुन्हा वाती वळायला बसले.

चिंतामण मडक्यासमोर बसून राहिला. जेवायला बोलावलं तरी उठला नाही. लोक येत होते, पाणी पिऊन जात होते. एक बाई म्हणालीसुद्धा, मडक्याला अंगरखा छान शिवलाय हो. एरवी तो फुलून गेला असता.

दुपार कलली तसा टोपलीचं बूड काळपटलं. मग फुगलं. मग एक पोपडा आपसूक सुटला आणि फरशीवर पडला. ते एवढं जपून केलेलं काम डोळ्यांदेखत भिजत होतं आणि त्याच्याने काही करवत नव्हतं. दुसरा पोपडा सुटला तेव्हा खालून मडक्याची लाल पाठ दिसली. घामेजलेली, साधी, जशी होती तशी.

त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटेना. उलट छातीवरचं काहीतरी उतरत चाललं होतं.

दिवेलागणीला गळ्याजवळचा एक तुकडा तेवढा राहिला. तो त्याने स्वतःच बोटाने सोडवला. मग मडक्यावरून सगळीकडे हात फिरवून पाहिला. कुठे टवका नाही, तडा नाही. चिंतामणचा जीव भांड्यात पडला. त्याने तांब्या बुडवला आणि तो घटाघट पाणी प्यायला. सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं हे त्याला तेव्हा आठवलं.

ओला लगदा ओंजळीत गोळा करून तो बुवांपुढे उभा राहिला.

"मडकं सुटलं, बुवा."

"हं."

"टोपली गेली."

"हं."

"मग... मी जाऊ?"

बुवांनी त्याच्या ओंजळीतला चिमूटभर लगदा उचलला, बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"जा," ते म्हणाले.

चिंतामण जागचा हलला नाही.

"जा, आणि मूठभर मेथी दळून आण. यात कमी पडलीय."