एका गुणाचा सत्कार

एकदा एक म्हातारा ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा गावी आपल्या लेकीकडे राहायला आला. तिथल्या फुटबॉलचे आपल्याइतके ज्ञान असलेला मराठी माणूस अख्ख्या पंचक्रोशीत दुसरा नाही, असे तो छाती फुगवून सांगे; आणि लगेच म्हणे, "पंचक्रोशीत दुसरा मराठी माणूस म्हणजे आमचे जावईबापू. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलंय, तेव्हा किती येत असेल ते तुम्हीच बघा."

म्हातारा मूळचा तासगावचा मंडपवाला. शाळेशी त्याचा संबंध सातवीत तुटला, तोही शाळेच्याच विनंतीवरून. थट्टेच्या शास्त्रात मात्र तो पारंगत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने शेजारणीला पटवून दिले होते, की आमच्यात जावयाला शनिवारी नावाने हाक मारणे निषिद्ध आहे. बिचारी दर शनिवारी कुंपणावरून "महाराज, महाराज" करी. जावई तिथल्या दूध डेअरीत इंजिनियर, स्वभावाने सरळ. सासऱ्याच्या बोलण्यात खरे किती नि खोटे किती, हे मोजायचे त्याने केव्हाच सोडून दिले होते. या कथेतला गुरू म्हातारा आणि शिष्य जावई. पण आपण शिष्य आहोत, हे जावयाला बराच वेळ ठाऊक नव्हते.

गावाचा स्वतःचा एक फुटबॉल संघ होता आणि जावई त्याचा निष्ठावंत भक्त होता. सासरा आल्या आल्या पहिल्याच शनिवारी तो त्याला मैदानावर घेऊन गेला.

"हे बघा बाबा, इथल्या फुटबॉलात चेंडू हातानेही झेलतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू मारला की सहा गुण. नेम चुकला आणि चेंडू बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला, तर एक गुण."

म्हातारा उडालाच. "नेम चुकला तरी एक?"

"हो."

"मागायला लागत नाही? आपोआप?"

"तो पांढऱ्या कोटातला माणूस निशाण हलवतो. सहाला दोन निशाणं, एकाला एक."

"जावईबापू, सातवीत मला असा मास्तर भेटला असता ना, तर आज मी कलेक्टर असतो."

"मग तासगावात मंडप कोणी घातले असते?"

"कलेक्टरसाहेबांच्या सत्काराला? तुम्ही!"

त्या वर्षी संघ तळाला होता. त्याच्या आदल्या वर्षीही तळालाच होता. तळाची त्याला इतकी सवय झाली होती, की तिथे त्याने जणू घरच बांधले होते. शंभर-शंभर गुणांनी पराभव होई आणि प्रेक्षक शांत चित्ताने खिमा पॅटिस खात. कोणी गाईंच्या भावाबद्दल बोले, कोणी गुडघेदुखीबद्दल. सामना संपण्याआधीच निम्मे लोक घरी जात. जावई शेवटपर्यंत थांबे खरा, पण मधूनच "बाबा, अजून थोडा सॉस आणू का?" असे विचारत असे. कोणी कोणावर रागावत नसे. आपला संघ म्हणजे आपले हवामान, असे सगळे मानून चालले होते.

दुसऱ्या वर्षी म्हातारा पुन्हा आला, तेव्हा हवामान बदलले होते. गावातला प्लंबर कॅलम, ज्याने मागच्या वर्षी लेकीच्या घरचा गिझर दुरुस्त केला होता, तो आता संघाचा कप्तान झाला होता. त्याने काय केले ते कोणालाच नीट सांगता येत नव्हते, पण पोरे धावू लागली होती. आधी पराभव लहान झाले. मग एक विजय आला. त्याच्या पाठोपाठ, रस्ता चुकल्यासारखा, दुसरा. बेकरीवाल्याने संघाच्या निळ्या-पिवळ्या रंगांचे पाव काढले. न्हाव्याने काचेवर संघाचे चित्र रंगवले. ज्यांनी कित्येक वर्षे मैदानाकडे पाहिले नव्हते, ते आपण कधी एकही सामना चुकवला नाही असे शपथेवर सांगू लागले. पहिल्या पाचांत आलो की अंतिम फेऱ्या खेळायला मिळतील, मग अमक्याने तमक्याला हरवले पाहिजे, असे हिशेब जावई रात्रीच्या जेवणात मांडू लागला.

"बाबा, यंदा आपण नक्की जाणार!"

"आपण म्हणजे? धावणार ते. तुम्ही तर जिना चढलात की बसता," असे म्हातारा म्हणे, पण त्यालाही मनातून बरे वाटे.

आशा हा मोठा विलक्षण पदार्थ आहे. तो पोटात गेला की भूक शमत नाही, वाढते. जे लोक शंभर गुणांचा पराभव हसत गिळत होते, ते आता एक झेल सुटला तरी कपाळावर हात मारू लागले. चार सामने उरले असताना ज्याच्यावर सारे काही अवलंबून होते असा सामना आला, तेव्हा मैदानावर उभे राहायला जागा नव्हती, आणि हसणारा माणूस तर औषधालाही नव्हता.

शेवटचा भोंगा वाजला तेव्हा संघ दोन गुणांनी मागे होता. पण भोंगा वाजण्याच्या क्षणीच कॅलमने चेंडू झेलला होता, आणि नियमाप्रमाणे त्याची एक मोकळी लाथ बाकी होती. मधून गेला तर जय. सारे गाव श्वास रोखून उभे राहिले. चेंडू उडाला, वाऱ्यावर कलला, आणि उंच खांबाला वळसा घालून बाजूने गेला. पांढऱ्या कोटातल्या माणसाने एकच निशाण हलवले. संघ एका गुणाने हरला.

मग जो गलका उठला, त्यात सर्वांत स्पष्ट आवाज जावयाचा होता. सरळ माणूस ओरडला की फार लांब ऐकू जाते. "घरी जा रे! तुझ्यापेक्षा माझा सासरा बरा मारेल!"

भोवतालचे लोक हसले. ते हसणे चांगले नव्हते. कॅलमने मान वर करून त्या दिशेने पाहिले, आणि मान खाली घालून तो निघून गेला.

"मला बघून का हसले सगळे?" म्हाताऱ्याने विचारले.

"काही नाही, बाबा."

"मग तुम्ही का नाही हसलात?"

हातातले न खाल्लेले पॅटिस जावयाने कचऱ्याच्या डब्यात टाकले. गाडीपाशी क्लबचे चिटणीस भेटले. त्यांचा चेहरा उतरला होता. कॅलमने बूट कोपऱ्यात भिरकावले होते आणि यापुढे खेळणार नाही म्हणून सांगितले होते. "दमला असेल तर समजू शकतो," चिटणीस म्हणाले, "पण आपलीच माणसं असं बोलतात, तर कोणासाठी धावू, असं विचारतोय. काय सांगू त्याला?"

म्हाताऱ्याला जावयाने सगळे सांगितले. आपण काय ओरडलो तेवढे सोडून.

"गाडी आधी घरी घ्या," म्हातारा म्हणाला.

घरी जाऊन त्याने बॅगेतून एक शाल काढली. मंडपवाल्यांच्या संघटनेने साठीला त्याच्याच खांद्यावर घातलेली. मग स्वयंपाकघरातला नारळ उचलला.

"बाबा, तो चटणीचा आहे!" लेक वृषाली ओरडली.

"चटणी उद्या. आज मोठा कार्यक्रम आहे."

क्लबच्या पत्र्याच्या खोलीत पन्नासेक माणसे गप्प बसली होती. कॅलम भिंतीला टेकून, अनवाणी. म्हातारा थेट त्याच्यापुढे गेला, शाल उलगडली आणि गंभीरपणे त्याच्या खांद्यावर पांघरली. मग दोन्ही हातांनी नारळ पुढे केला.

खोलीत कोणीतरी फिस्सकन हसले. कॅलम ताडकन उठला. शाल ओढून काढत तो जावयाला म्हणाला, "मैदानावर बोललास ते पुरे नव्हतं? आता सासऱ्याला घेऊन आलास थट्टा करायला?"

"बाबा, त्याला वाटतंय तुम्ही चेष्टा करताय."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "वाटणारच. जन्मभर दुसरं केलंय काय? म्हणून आता बोलतो मी, पण सांगायचं तुम्ही. तुमच्या तोंडून खरं वाटेल."

आणि तो बोलू लागला. जावई एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागला.

"मी मंडपवाला. शेकडो सत्कार पाहिले, स्टेजच्या मागून. सगळे जिंकलेल्यांचे. आमच्याकडे सत्कार असाच करतात, शाल आणि नारळ देऊन. ही थट्टा नाही.

"गेल्या वर्षी तुम्ही शंभर गुणांनी हरत होता आणि माझे जावई पॅटिसवर सॉस घालून घेत होते. आज एका गुणाने हरलात, तर त्यांनी पॅटिस टाकून दिलं. माणसाच्या घशाखाली घास कधी उतरत नाही? हातातलं काही गेलं तर. ज्याच्या हातात काही नव्हतं, त्याचं काय जाणार? या गावाच्या हातात गमावण्याजोगं काहीतरी या माणसानं आणून ठेवलं. ते दिलं त्याचे आभार मानायचे राहिले, आणि ते सांडलं म्हणून..." म्हातारा थांबला. "पुढचं तुम्ही सांगा, जावईबापू. काय ओरडलात ते. 'फादर-इन-लॉ' एवढं इंग्रजी मला येतं."

जावयाला गेल्या काही महिन्यांचे शनिवार आठवले. सकाळी डोळा उघडताच आज सामना आहे हे आठवून येणारी ती हुरहुर आठवली. परक्या गावात इतकी वर्षे काढून ती त्याला याच वर्षी लाभली होती. कोणी दिली, हे त्याने एकदाही विचारले नव्हते. सर्वांसमोर त्याने आपले वाक्य पुन्हा उच्चारले, या वेळी हळू आवाजात. मग म्हणाला, "कॅलम, मला माफ कर. आणि या वर्षाबद्दल, खरंच, तुझे आभार."

खोलीत कोणी हसले नाही. बेकरीवाल्याने टोपी काढली. चिटणिसांनी खाली पडलेली शाल उचलून झटकली, आणि ती कशी घालायची ते ठाऊक नसल्यामुळे टॉवेलासारखी कॅलमच्या गळ्यात टाकली.

म्हाताऱ्याने कृतार्थ मुद्रेने मान डोलावली. "सांगा त्याला, तो चुकला तरी या गावात त्याच्यासाठी टाळी वाजवणारा एक माणूस कायम असेल."

जावयाने सांगितले. कॅलमने म्हाताऱ्याच्या हातातला नारळ घेतला. मग म्हाताऱ्याकडे पाहून म्हणाला, "टाळ्या राहू देत, आजोबा. मंगळवारी सरावाला या. मी चुकवलेले चेंडू खांबांमागच्या कालव्यात जातात, ते काढायला माणूस लागतो. पोहता येतं ना?"