हिमदेवाची सरकती पायरी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की बर्फही म्हातारा होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

हिमाच्या एका डोंगराखाली एक गाव होतं. गावाच्या दोन आळ्या. वरची आळी उतारावर, चांगल्या मातीच्या शेतांत. खालची आळी नदीच्या अगदी काठाला, जिथली जमीन दुसऱ्या कुणालाच नको होती.

गावाची एक रीत होती. जिथे बर्फ सुरू होई, तिथे एक काळा दगड मांडलेला असे. त्याला म्हणत देवाची पायरी. दर वसंतात सारं गाव वर चढे. पुजारीबाबा एक हात पायरीवर ठेवत आणि दुसरा बर्फाला लावत. दोन्ही पोचले की म्हणत, "देव जागेवर आहे." मग पेरण्या सुरू होत. आणि हात पोचला नाही तर? त्याचाही नियम पूर्वजांनी घालून ठेवला होता. देव जागेवरून उठला, तर नदीकाठच्यांनीही उठावं, आणि वरच्या आळीने त्यांना आपल्या शेतांत घरापुरती जागा द्यावी.

एका वर्षी हात वीतभर कमी पडला. सणासुदीला कटकट नको, म्हणून पायरी वीतभर पुढे ढकलली. पुढच्या वर्षी हातभर. पुढे पुढे ती उचलूनच न्यावी लागे. उचलायचा मान वरच्या आळीने मोठ्या मनाने खालच्या आळीला दिला, आणि खालची आळी त्या मानाने अशी फुगली, की विचारू नका.

अशा त्या खालच्या आळीत एक मुलगी लग्न होऊन आली. बोलायला कमी, बघायला जास्त. पहिल्याच सणाला ती सगळ्यांबरोबर डोंगर चढली. वाटेत तिला ठिकठिकाणी खडकावर तेलाचे काळे डाग दिसले. प्रत्येक डागाशेजारी जुन्या पणत्यांच्या खापऱ्या.

"अहो, हे काय?" तिने नवऱ्याला विचारलं.

"इथे पूर्वी देवाची पायरी होती."

"मग आता?"

"आता देव वर गेला."

"आणि आपण त्याच्यामागे दगड घेऊन निघालो?"

नवऱ्याच्या खांद्यावर दगड टांगलेली काठी होती. तो धापा टाकत म्हणाला, "तुला ना, नको तिथे बोलायची सवय आहे." दिवसभरात ती तेवढंच बोलली होती.

वर पोचल्यावर पायरी बर्फाला खेटून ठेवली गेली. पुजारीबाबांनी दोन्ही हात टेकले. "देव जागेवर आहे." सगळ्यांनी नमस्कार केला. सुनेने मात्र पलीकडे पाहिलं. बर्फाच्या पायथ्याशी एक नवं तळं साचलं होतं. त्याला अडवून धरलं होतं ते चिखलाने आणि कुजक्या बर्फाने. आणि बरोबर त्याच्या खाली, दूरवर, तिच्या सासरचं छप्पर दिसत होतं.

तळ्यात एक म्हातारी हंसी पाय बुडवून बसली होती. माणसांत कुणी ऐकेना, म्हणून सून तिच्याशी बोलली.

"तुम्ही जग फिरता. सगळीकडे असंच आहे का हो?"

"अगदी असंच," हंसी वैतागून म्हणाली. "उत्तरेला बर्फावर राहणारी माणसं आहेत. बर्फ पातळ झालाय, त्यांच्या कुत्र्यांनी ओढायच्या गाड्या आत जातात, तर म्हणतात कुत्री जड झाली. दक्षिणेला बेटांवरची माणसं आहेत. समुद्र अंगणात आलाय, तर म्हणतात चंद्र बिघडला. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"वाट लांब वाटते, तर म्हणतात गुडघे गेले."

"चला," हंसी म्हणाली, "माझ्या यादीत भर पडली." आणि उडून गेली.

घरी येऊन सुनेने सासूला तळ्याचं सांगितलं. सासू भांडी घासत होती. "अंगाची हळद उतरली नाही अजून, आणि ही डोंगराला शहाणपण शिकवणार. अगं, पाणी वाढलंय म्हणजे देव प्रसन्न आहे."

"आत्या, एकदा माझ्याबरोबर वर चला."

"माझे गुडघे गेलेत."

"मग पहिल्या डागापर्यंत चला."

सून रोज हेच म्हणू लागली. भाकरी वाढताना, शेळ्या सोडताना, वेणी घालताना. शेवटी सासू कंटाळून निघाली. पहिला डाग घरापासून हाकेच्या अंतरावर होता. सासू तिथे टेकली, तिने खापरी उचलली आणि बराच वेळ ती हातात फिरवत राहिली.

"मी नवी नवरी होते ना, तेव्हा इथे दिवा लावला होता. पाण्याची घागर कमरेवर ठेवून आले होते इथवर." तिने वर पाहिलं. बर्फ कुठल्या कुठे गेला होता. "आणि मी इतकी वर्षं गुडघ्यांना तेल चोळतेय."

सासू तडक पुजारीबाबांच्या दारात गेली. वरच्या आळीची मोठी माणसं तिथे सुपारी कातरत बसली होती.

"वहिनी, देव जागेवर आहे," पुजारीबाबा समजुतीने म्हणाले. "हात पोचतो ना."

"राजाची गादी उचलून माझ्या अंगणात आणा, माझाही हात पोचेल. पूर्वजांचा नियम पाळा. आम्हाला जागा द्या."

"देऊ की. नाही कोण म्हणतं? पण आत्ता शेतात सातू उभा आहे. पुढच्या वर्षी बघू."

"पाण्यालाही तसा निरोप धाडलाय का?"

यावर सगळे हसले. चांगलं बोलते हो म्हातारी, असंही कुणी म्हणालं. जागा काही दिली नाही.

घरी मुलगाही ऐकेना. "आई, आपण उठलो तर दगडाचा मान दुसऱ्या घराला जाईल."

सासूने वाद घातला नाही. ती सुनेच्या कानाशी म्हणाली, "चूल हलव गं. माणसं आपोआप हलतात." दोघींनी तवा, पीठ आणि शेळ्या घेतल्या आणि वरच्या आळीच्या सातूच्या बांधावर, कुणाला न विचारता, चूल मांडली. वरच्या आळीने शिव्या दिल्या. दोघींनी त्या ऐकल्या आणि भाकऱ्या थापल्या. शेजारच्या काही बायकांनीही आपल्या चुली आणल्या. बाकीच्या म्हणाल्या, "आम्हाला आमचा मान आहे."

नवरा रुसून खालीच राहिला. पण जेवण वर होतं. दुपार झाली की तोंड पाडून चढायचा, जेवायचा, उतरायचा.

उन्हाळ्यातल्या अशाच एका दुपारी, त्याच्या ताटात दुसरी भाकरी पडत असताना, डोंगर गरजला. तळं फुटलं होतं. चिखल, बर्फ आणि घराएवढे धोंडे घेऊन नदी आली. ज्यांच्या चुली वर होत्या ती माणसं वाचली. ज्यांच्या खाली होत्या, त्यांच्यातली फार थोडी सापडली. नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. सुनेला त्याला बरंच काही ऐकवायचं होतं. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

वरची आळी हळहळली. "बिचारे," ती म्हणाली, "नदीकाठी राहतंच कोण?" आणि आपल्या शेताकडे वळली.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावर वितळायला काही उरलं नाही. पाट कोरडे पडले. सातू वीतभर वाढून करपला. वर्षाच्या आत वरची आळीही गाठोडी बांधून निघाली, पुजारीबाबा सगळ्यांच्या पुढे. वाटेत, दूरच्या एका झऱ्यापाशी, पुरानंतर गाव सोडलेल्या सासूसुनांनी नवी चूल मांडली होती. झरा बारीक होता, घागर भरायला अर्धी दुपार लागे.

"सूनबाई," पुजारीबाबा म्हणाले, "इथे घरापुरती जागा मिळेल का?"

पुढच्या वर्षी बघू, हे शब्द सुनेच्या अगदी ओठांवर आले होते. मग तिने भरत आलेली घागर पुढे केली, आणि दुसऱ्या डोंगरांत अशाच एखाद्या तळ्याखाली आणखी कुणी राहत असेल तर त्यांना आजच उठवून यायला नवऱ्याला पाठवलं.

तात्पर्य: धोक्याची खूण सरकवल्याने धोका सरकत नाही, तो आधी नदीकाठच्या गरिबाला बुडवतो आणि मग खूण सरकवणाऱ्याला तहानेने उठवतो.