बिनसावलीचा उतारू

भिवाची सावली कुणीतरी खाल्ली. खाणारं भूत नव्हतं, चेटकीणही नव्हती. ज्यांनी खाल्ली त्यांनी त्याला रोज वेळेवर जेवायला वाढलं, आणि आपण फार दयाळू आहोत असं मानलं.

फार वर्षांपूर्वी, करंजखाडीत वल्ह्यांची होडी चालायची तेव्हाची ही गोष्ट. भिवा माडी काढायचा. एकदा तो माडावरून पडला आणि त्याचे पाय गेले. तेव्हापासून तो भावाच्या घरी पडवीत बसून असायचा. येणारेजाणारे त्याच्यासमोरच वहिनीला विचारायचे, "ते जेवलं का? झोपतं का नीट?" गावात तान्ह्या मुलाला 'ते' म्हणत, वासराला 'ते' म्हणत. भिवाच्या तर मिशा पिकायला लागल्या होत्या. आधी त्याने स्वतः उत्तरं दिली. ती कुणी ऐकली नाहीत, म्हणून तो गप्प झाला. मग एका कलत्या उन्हात त्याने पाहिलं. खांबाची सावली अंगणात पडली होती, वहिनीची पडली होती, त्याच्या जागी नुसतं ऊन होतं. आता आपणही उरणार नाही, असं त्याला वाटलं. त्याची भीती वाटली नाही, याचीच भीती वाटली.

भाऊ त्याला पैलतीरीच्या वैद्याकडे घेऊन निघाला. होडी आवडाबाईची, वल्ही तीच मारायची. मध्यावर तिने पाण्यात पाहिलं आणि तिचा हात थांबला. पाण्यात होडी दिसत होती, भाऊ दिसत होता, भिवाची फळी रिकामी होती.

कुठे जायचंय, तिने विचारलं. भाऊ सांगू लागला, तसं तिने त्याला थांबवलं.

"तुम्हाला नाही विचारलं. भिवादादा, तुम्हाला कुठे जायचंय?"

भिवाने आधी भावाकडे पाहिलं. आवडाबाईने वल्ही आत घेतली आणि वाट पाहत बसली. ओहोटी जोरात होती, पुढे समुद्राचं तोंड होतं. तरी होडी तसूभर हलली नाही, असं म्हणतात. पाणी दोन्ही बाजूंनी आवाज न करता निघून जात राहिलं. काठावरचे बगळे मान वळवून बघत राहिले.

शेवटी भिवा म्हणाला, "तळाला."

ती दचकली नाही, त्याला रागावलीही नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं.

मग भिवा बोलतच राहिला. ऐकता ऐकता भावाची मान खाली गेली. तिथे, पाण्यात, त्याच्या चेहऱ्याशेजारी हळूहळू दुसरा चेहरा उमटला.

पाय परत आले नाहीत. सावलीही अधूनमधून फिकी व्हायची. तेव्हा भिवाच निरोप धाडायचा, आणि आवडाबाई पडवीत येऊन बसायची. पुढे ती एका भरतीला खाडीत गेली ती आलीच नाही. तिची होडी मात्र आपोआप धक्क्याला लागली, असं म्हणतात.

आता तिथे इंजिनाची होडी आहे. पण ज्याला दिसत नाही, चालता येत नाही किंवा बोलायला वेळ लागतो, असं कुणी वयाने मोठं माणूस बसलं, की तांडेल सोबतच्याला नाही, त्या माणसालाच कुठे जायचंय ते विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत इंजिन बंद ठेवतो. याला तिथे 'आवडाबाईचं थांबणं' म्हणतात. गेल्या शिमग्याला शहरातून आलेला एकजण, होडी अशीच भर खाडीत थांबली तेव्हा, घड्याळ बघून कुरकुरला. मांडीवर टोपली घेतलेली मासेवाली त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "घाई असेल तर इथंच उतरा, पावणे. कोण नाय अडवत."