दुधी उजेडाचा करार

"डोळे मिटून सगळ्या चिपा जाऊ दे, आत्या," भट्टोजी म्हणाला.

"आधी माझे डोळे फोड, मग जाऊ दे," आत्या म्हणाली.

अवजारं अजून तोंडावर भांडत, तेव्हाची ही गोष्ट. एलईडीच्या कारखान्यात भट्टोजी ही दांडगी भट्टी होती. त्याच्या पोटात चिपा पिकत. आत्या म्हणजे जुनं निवडणीयंत्र. ती एकेक चिप पेटवून तिची छटा बघायची.

भट्टोजीने एका शहराशी पाच वर्षांचा करार करून टाकला होता. महिन्याला एक कोटी चिपा, दर दिव्यात दोन, आणि रस्त्यांवरचे सगळे दिवे दुधी. तेव्हापासून तो नुसता शिट्ट्या मारत होता. पण त्याच्या पोटातून थोड्या चिपा दुधी निघत, बाकीच्या निळसर नाहीतर पिवळसर. आत्याला हे ठाऊक होतं. तिला विचारलं कोणी?

"आज गाडी भरली नाही तर कारखान्याला कुलूप लागेल गं," भट्टोजीचा आवाज बारीक झाला.

"आणि रस्ते चट्ट्यापट्ट्यांचे दिसले तर शहरवाले तुला हार घालतील होय रे?"

शेजारच्या डब्यात टाकाऊ म्हणून लोटलेल्या चिपा एकमेकींना गुदगुल्या करत होत्या. त्यातली एक निळसर नि एक पिवळसर हसता हसता एकदमच पेटली, आणि डब्यात दुधी उजेड पडला. आत्याने निरखून पाहिलं. मग तिने अख्खा डबाच पेटवला, तसा कारखाना दुधाने न्हाऊन निघाला. भट्टोजी चारी पायांवर नाचायला लागला.

"नाच थांबव, मेल्या," आत्या म्हणाली, "जोड्या मी लावून देते, पण पुढचा करार करायला निघालास की मला खांद्यावर बसवून न्यायचं."