घळजाईच्या लुगड्याचं ठिगळ

घळजाईचं लुगडं निळं, इतकं गडद की काळंच वाटतं. त्यावर जागोजागी ठिगळं, आणि प्रत्येक ठिगळावर पांढरा धावदोरा, लांबूनही दिसेल असा. पाहुणे विचारतात, देवीला नवं लुगडं का नाही? मग दांडेघळची म्हातारी माणसं पायरीवर टेकतात आणि ठकूबाईची गोष्ट काढतात.

ठकूबाईच्या हाताला टाका होता, म्हणे. तिनं शिवलेलं पुन्हा उसवत नसे, आणि तेच तिला भोवलं. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, शेतातलं काम, वर साऱ्या गावाच्या गोधड्या. जो येई तो म्हणे, "येवढं उरक, मंग बस." ते बसणं काही तिच्या वाट्याला आलं नाही. फार दमली होती बिचारी.

एका जत्रेच्या सकाळी पेटी उघडली, तर देवीचं लुगडं उंदरानं कुरतडलेलं. देवीच्या अंगाला दुसरं लुगडं चालत नसे, आणि पालखी तर दुपारी निघायची. देवळाचा गुरव, सावळा, लुगडं घेऊन ठकूबाईकडे धावला. "येवढं उरक ठके, मंग बस."

देवळाच्या ओट्यावर बसून तिनं लुगडं मांडीवर पसरलं. डोळे मिटत होते, हात चालत होता. शेवटची गाठ मारून ती उठायला गेली, तर देवीचं लुगडंही तिच्यासोबत उठलं. झोपेच्या गुंगीत सुई खालपर्यंत गेली होती. देवीचं लुगडं तिच्या नेसत्या लुगड्याला पक्कं शिवलं गेलं होतं.

"उसव, उसव!" गुरवानं कपाळावर हात मारला. पण ते जीर्ण कापड उसवलं असतं तर विरून हातात आलं असतं. आणि ठकूबाईला नेसायला तेवढं एकच लुगडं. तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझंच कापा. पर आता मला उठवू नगा."

शेजारणीनं तिच्याभोवती घोंगडी गुंडाळली आणि तुकडा कापून घेतला. ठकूबाई तिथंच आडवी झाली.

देवीला लुगडं नेसवलं, भोयांनी खांदा दिला. पालखी हलेना. आणखी गडी लागले, गुरवानं गाऱ्हाणं घातलं, तरी हलेना. सारं गाव उन्हात ताटकळलं. दिवस कलताना ठकूबाईनं डोळे उघडले, तेव्हा कुठं पालखी उचलली गेली, असं सांगतात.

आजही जत्रेच्या सकाळी गावातली सगळ्यांत दमलेली बाई आपल्या नेसत्या साडीचा तुकडा देवीच्या लुगड्याला शिवते. ती कोण, हे बायकाच ठरवतात, आणि त्यावरून दरवर्षी चांगली वादावादी होते. मग ती ओट्यावर झोपते. पालखी सजून उभी असते, ढोल गप्प असतात, आणि तिला कुणी उठवत नाही.